पुंजाजी पाणाड्याचा पस्तावा

आमच्या आसेगावात तेव्हा ख्रिस्ती घरं तीनच होती. एक आमचं. माझे बाबा शालिग्राम मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी त्याच शाळेत उपासना घ्यायचे. दुसरं घर रामीबाईचं, ती विधवा आणि एकटी. तिसरं पुंजाजीमामा आणि तुळसामामींचं. लहान मुलं धरून उपासनेला नऊ माणसं जमायची, पण पुंजाजीमामा गायला लागले की पाटलाच्या गोठ्यातली गुरं कान टवकारायची.

मामा पाणाड्या होते. विहीर कुठं खणावी ते दाखवायचे. बाप्तिस्मा घेण्याआधी ते तळहातावर नारळ ठेवून वावरात फिरायचे आणि नारळ उभा राहिला की ‘इथं’ म्हणायचे. बाबांनी त्यांना नारळ सोडायला सांगितलं. मामांनी तो हातावर धरायचा सोडला, खायचा नाही. मग निंबाची दुबेळकी, दोन फाट्यांची डहाळी धरायला लागले. बाबांनी तिच्याबद्दलही विचारलं तेव्हा म्हणाले, “मास्तर, डहाळी लोकाईच्या समाधानाले असते. पानी म्या डोयानं पाह्यतो.” आणि ते खरंच होतं. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, चैत्रातही हरळी कुठं हिरवी राहते, गुरं कुठल्या जागी बसणं पसंत करतात, हे सगळं ते पाहायचे. आसेगावपासून अनसिंगपर्यंत त्यांनी दाखवलेल्या विहिरींचं पाणी लोक पीत होते, आणि मामांना त्याचा फार अभिमान होता.

आता त्यांच्या हातून जे झालं ते सांगते. त्या वेळी ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुढं मामांनीच सांगितलं.

सन एकोणीसशे तीसच्या हिवाळ्यात मामांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते मंगरुळपीरला गेले. तिथं आमच्याच गावचा रज्जाक बागवान भाजी घेऊन बसलेला असायचा. दांडगा आवाज, दांडगा विनोद. मामांना पाहताच तो ओरडला, “या या, पुंजाजी साहेब! टोपी कुठी राह्यली? वांगे हातानं खासान का काट्याचमच्यानं?”

अख्खा बाजार हसला. मामाही हसले. पण त्या दिवसापासून पोरं त्यांच्या मागं ‘साहेब, साहेब’ करत फिरायला लागली. मामा वरून हसत राहिले आणि ती गोष्ट त्यांच्या मनात सलत राहिली.

वर्षभरानं तोच रज्जाक त्यांच्या दारात आला. गावाच्या कडेला त्याचं तीन एकर वावर होतं, कोरडवाहू. दुसऱ्याची भाजी विकत घेऊन विकण्यापेक्षा आपणच लावावी, असं त्याच्या मनात होतं. त्याला विहीर पाहिजे होती. बाजारातली ती थट्टा त्याला आठवतही नव्हती.

मामा वावर पाहायला गेले. रज्जाक मागं, त्याची म्हातारी आई हुस्नाबानो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी. खालच्या कोपऱ्यात उंबराच्या झाडाजवळ मामा पोचले आणि थबकले. हरळी हिरवीगार होती, बाजूला वारूळ होतं, गुरांनी बसून बसून जमीन गुळगुळीत केली होती. तिथं पाणी आहे हे मामांना आपल्या घराचं दार ओळखावं तसं कळलं. तेवढ्यात मागून रज्जाक बोलला, “का पुंजाजी साहेब, दिसून राह्यलं का काई?”

मामा पुढं चालायला लागले. चालत चालत वरच्या बरडावर गेले, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. तिथं त्यांनी डहाळी जमिनीत खोचली आणि म्हणाले, “इथं. चार परसावर लागते.”

एक परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी खोली. चार परसांवर मुरूम संपला आणि काळा खडक लागला. रज्जाक आणि त्याचा भाऊ फय्याज यांनी सुरुंग लावले. पाचव्या परसावरही खडक. पहिला उन्हाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात दोघं भाऊ पुन्हा उतरले आणि सातव्या परसापर्यंत गेले. पाण्याचा थेंब नव्हता. फय्याज कंटाळून अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला गेला. रज्जाकच्या हाताला इतके घट्टे पडले होते की भाजीची जुडी बांधताना सुतळीची गाठ त्याला समजायची नाही.

गावानं त्या खड्ड्याला ‘पुंजाजीचा खड्डा’ म्हणायला सुरुवात केली. नाव पसरायला वेळ लागला नाही. मामांना बोलावणी येणं बंद झालं. पूर्वी ज्यांच्या ओट्यावर जाऊन मामा पान खायचे ती माणसं आता ‘का म्हनता?’ एवढं विचारून आत जायची. मामा वाळले. तुळसामामी माझ्या आईला म्हणायच्या, “भाकर पुरी खात नाईत व, नुसते कुस्करतात.”

त्या साली फाल्गुनात जंगलसभा भरली. आजूबाजूच्या गावांतले ख्रिस्ती लोक दरवर्षी आमराईत तंबू ठोकून तीन दिवस राहायचे, गाणी म्हणायचे, उपदेश ऐकायचे. तिसऱ्या दिवशी बाहेरगावच्या उपदेशकांनी विचारलं, कुणाला आपलं पाप कबूल करायचं आहे? मामा उठले आणि रडायला लागले. त्यांचं रडणं त्यांच्या गाण्यासारखंच होतं. “माह्या हातून चूक झाली बाप्पा! माह्यं नाव गेलं! माह्या दाराशी कोनी येत नाई!” रामीबाई रडली, जऊळक्याच्या बाया रडल्या, मीही रडले, आणि मला का ते माहीत नव्हतं. उपदेशकांनी मामांच्या डोक्यावर हात ठेवला. परतताना मामा बैलगाडीत मोकळे होऊन गात होते.

दुसऱ्या दिवसापासून ते धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायला लागले. कुणीतरी विहिरीसाठी बोलवायला येईल म्हणून. एक आठवडा गेला, दोन गेले. महिन्यानं ते आमच्या घरी आले ते रागानंच.

“मास्तर, म्या एवढा पस्तावलो. चारशे मानसात रडलो. मंग देव आयकत काहून नाई?”

बाबा वह्या तपासत होते. त्यांनी वही बाजूला ठेवली. “काय आयकाचं होतं त्यानं?”

“मानसं परत येवो.”

“पुंजाजीभाऊ, तुमाले वाईट कशाचं वाटलं? खरं सांगा.”

“नाव गेलं त्याचं.”

“आन् रज्जाकचं?”

बाबांनी मग त्यांना शौल राजाची गोष्ट सांगितली. देवाची आज्ञा मोडल्यावर शौल शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला, मी पाप केलं, पण लोकांसमोर माझा मान राख. “पाप केलं हे त्याच्या तोंडी एका दमात आलं, आन् त्याच दमात मानही मांगतला. तुमच्या रडण्यात मले तेच आयकू आलं. रागावू नका. माह्या सोताच्या रडण्यातही मले कइक खेपा तेच आयकू येते.”

मामा रागावले. चहा न घेताच उठून गेले. बाबांना तेव्हा वाटलं होतं की मामांची नुसती चूक झाली आणि ते मान गेल्याचं दुःख करत आहेत. त्यापलीकडचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चैत्रात एक दिवस हुस्नाबानो मामांच्या घरी आली. सत्तरीची बाई, काठी टेकत गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आलेली. तुळसामामींनी बसायला घोंगडी टाकली. म्हातारी मामांना म्हणाली, “बेटा, म्या आयकलं तू जंगलात लय रडला. माह्या रज्जाकनं तुले गावभर बदनाम केलं. म्या त्याले सांगतलं, अरे, जमिनीतलं पानी अल्लाच्या हाती. पुंजाजीनं साफ दिलानं दाखोलं. त्याचा काय गुन्हा? आता रज्जाक कोनाले काई बोलनार नाई. म्या कसम घेतली त्याच्याकडून.”

तिनं पदराच्या गाठीतून चार खारका काढून तुळसामामींच्या हातावर ठेवल्या आणि काठी टेकत निघून गेली.

तिनं शब्द पाळला. रज्जाक गावात सांगायला लागला की पुंजाजीची चूक नव्हती, माझंच नशीब खडकाचं. लोकांचं मन फिरायला वेळ लागला नाही. पंधरा दिवसांत अनसिंगच्या जानरावांचं बोलावणं आलं. जानराव मोठे जमीनदार, त्यांनी मामांना न्यायला दमणी पाठवली. पांढरे बैल, गळ्यात घुंगरू, बसायला गादी. गाडीवान मदनसिंग दारात उभा राहून म्हणाला, “चला पुंजाजीबुवा, पाटील वाट पाहून राह्यले.” आळीतली माणसं बाहेर येऊन पाहत होती. मामांना जे पाहिजे होतं ते सगळं दारात उभं होतं.

मामा गादीवर बसले. गाव संपलं. मदनसिंग सांगत होता की पाटलांनी जेवायला पुरणाची पोळी सांगितली आहे. मामांना काही ऐकू येत नव्हतं. ‘साफ दिलानं दाखोलं’ एवढंच कानात वाजत होतं. ते पुढं सांगायचे, “लोकं नावं ठिवत होते तवा मले माह्यीच कीव ये. त्या बुढीनं मले चांगलं म्हनलं आन् पयल्यांदा रज्जाकचे हात डोयापुढं आले. नाव परत भेटलं होतं, मान परत भेटला होता, आन् मले त्या गादीवर बसवत नव्हतं.”

दोन कोसांवर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले. मदनसिंगला वाटलं, लघवीला असेल. मामा म्हणाले, “पाटलाले सांगजो, दुसरा पानाड्या पाहा. मले अदी एक काम हाये.” आणि ते आल्या वाटेनं उलटे न जाता शेतांमधून आडवे मंगरुळपीरच्या वाटेला लागले. बाजाराचा दिवस होता.

रज्जाक आपल्या जागी बसला होता. पुढ्यात वांग्यांचा ढीग. मामा समोर जाऊन उभे राहिले. “रज्जाक, तुह्या वावरात पानी हाये. खालच्या कोपऱ्यात, उंबरापाशी. मले त्याच दिवशी दिसलं होतं. म्या जानूबुजून तुले बरडावर नेलं.”

रज्जाक हसला. त्याला वाटलं, मामा थट्टा करत आहेत. मग त्यानं मामांचं तोंड पाहिलं.

“म्हनजे तुले मालूम होतं?”

“हाव.”

“मालूम होतं?”

“हाव.”

रज्जाकनं ढिगातलं एक वांगं उचललं आणि मामांना फेकून मारलं. मग दुसरं. मग तिसरं. मामा जागचे हलले नाहीत. बाजारातली माणसं गोळा झाली, काय झालं ते विचारायला लागली, आणि मामा प्रत्येक वांग्यामागं एकेकाला नीट समजावून सांगत होते की यात रज्जाकचं काही चुकत नाही. शेवटी शेजारच्या मोतीबाईनं रज्जाकचा हात धरला. “अरे, इकाचं काई ठेवतं का नाई?”

मामा घरी आले तेव्हा त्यांच्या डोक्यात वांग्याच्या बिया होत्या. तुळसामामींना वाटलं, जानरावाच्या घरी काहीतरी विपरीत घडलं. मामांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चुलीवरचा तवा खाली उतरवला. मग म्हणाल्या, “दोन सालं माह्या हातचं जेवले. आन् मले सांगतलं नाई?” एवढं बोलून त्या उठल्या. पुढं तीन दिवस त्या घरात सगळी कामं झाली, बोलणं मात्र झालं नाही.

रविवारी मामा उपासनेत उभे राहिले. हात मागं बांधलेले, डोळे कोरडे. “माह्या मनात खुन्नस होती. म्या त्या मानसाले खोटी जागा दाखोली. जंगलसभेत म्या चूक म्हनलो, तेही खोटंच होतं. चूक नव्हती, पाप होतं. आता मले मान नाई पायजे. त्याची इहीर झाली पायजे.” आणि ते खाली बसले. उपासना संपल्यावर रामीबाई नाराज होऊन माझ्या आईला म्हणाली, “या खेपेले रडले नाईत व. खरंच पस्तावले का नाई, देव जाने.” बाबांनी ते ऐकलं आणि घरी येईपर्यंत ते मधूनमधून हसत होते. घरी आल्यावर मात्र दार लावून गुडघे टेकून बसले.

सोमवारी मामा पहार आणि टिकाव घेऊन रज्जाकच्या वावरात गेले आणि उंबराजवळ खणायला लागले. रज्जाक धावत आला. “निंघ माह्या वावरातून!”

मामा धुऱ्याबाहेर जाऊन बसले. रज्जाक गेला की पुन्हा खणायला लागले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा रज्जाकच्या मागं हुस्नाबानो आली. तिला सगळं कळलं होतं. ती मामांशी एक शब्द बोलली नाही. मुलाला म्हणाली, “खंदू दे त्याले. थकू दे.” आणि उंबराच्या सावलीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. रोज यायची, बसायची, पाहायची. मामा सांगायचे, “तिच्या पाह्यन्यापरीस वांगे बरे होते.”

चौथ्या दिवशी तुळसामामी डोक्यावर टोपलं घेऊन वावरात आल्या आणि माती उचलायला लागल्या. आठव्या दिवशी हुस्नाबानोनं मडकं पुढं सरकवलं. “पानी पी. मेला तं माह्या वावरात मरशीन.” मामा पाणी प्यायले.

दीड परसाच्या खाली एकट्या माणसाला खणता येत नाही. कुणीतरी वर पाहिजे, दोर ओढायला. एका सकाळी मामांनी खालून टोपलं भरलं आणि तुळसामामींना हाक मारली. वरून टोपलं उचललं गेलं ते एका झटक्यात. त्यांनी मान वर केली तर रज्जाक.

दोन-चार टोपली तशीच गेली. मग वरून आवाज आला. “काहून केलं रे तू?”

मामांनी खालूनच बाजारातली ती गोष्ट सांगितली. साहेबाची टोपी, काटाचमचा, मागं लागलेली पोरं. वर टोपलं उपडं झालं.

“म्या म्हनलो होतो असं?”

“हाव.”

“मले तं यादच नाई.”

“मले होती.”

“एवढ्या वांग्याच्या गोष्टीसाठी सात परस?”

“सात परस,” मामा म्हणाले. आणि त्यांना इतकी लाज वाटली की हसू आलं. खड्ड्यात ते हसणं घुमलं. वर रज्जाक आधी शिव्या देत होता, मग त्याच्याही शिव्यांत हसू मिसळलं, मग दोर त्याच्या हातून सुटला आणि मातीचं टोपलं मामांच्या पाठीवर आलं. तुळसामामी सांगायच्या की त्यांना खरोखर वाटलं, दोघंही उन्हानं भ्रमिष्ट झाले.

पाणी लागलं ते साडेतीन परसांवर, जेठ महिन्यात. फार जोराचं नव्हतं. खडकाच्या भेगेतून पाझर आला आणि सकाळपर्यंत गुडघाभर साचलं. एका मोटेनं दिवसाला चार वाफे भिजतील इतकंच. मामा हळहळले, त्यांना जास्त वाटलं होतं. रज्जाकनं ओंजळ भरून पाणी पिऊन पाहिलं आणि म्हणाला, “गोड हाये.” हुस्नाबानोनं दोघांना गुळाचा खडा दिला. रज्जाकनं ‘माफ केलं’ असं कधी तोंडानं म्हटलं नाही. पण फय्याजला त्यानं अकोल्याहून परत बोलावलं, आणि त्या साली त्याच्या वाफ्यांत मेथी आली, मिरची आली.

मामांना जुनी कीर्ती काही परत मिळाली नाही. जानरावांनी दुसरा पाणाड्या केला तो कायमचा. बाजारात अजूनही कुणी म्हणायचं, “हा तोच, जानूबुजून फसोलं त्यानं.” मामा म्हणायचे, “हाव, मीच तो.” आणि पुढच्या दुकानाकडं जायचे. ते इतरांच्या विहिरी खणायला मजुरीनं जाऊ लागले. तुळसामामी आईला म्हणाल्या की आता भाकर कुस्करत नाहीत, उलट तीन पुरत नाहीत.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. “मामा, आधीच्या खेपेला तुम्ही एवढे रडलात आणि नंतर रडला नाहीत. असं कसं?”

ते पहारीला धार लावत होते. “बाई, पयले मले माह्यं दुखलं होतं. आपलं दुखलं का मानूस जोरानं रडते. मंग मले त्याचं दुखलं. तवा रडाले टाइम कोनाले? इहीर खंदा लागे.”

पाच-सहा वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या सुमाराला, जऊळक्याजवळच्या तांड्यावरून गोविंदसिंग नायक मामांना शोधत आले. त्यांना सगळी हकीकत माहीत होती. ते म्हणाले, “ज्यानं भर बाजारात आपलं पाप सांगतलं, तो मले खोटं सांगनार नाई. चाल.” मामा गेले. दिवसभर ते वावर पालथं घालत फिरले. निंबाची डहाळी त्यांनी नेलीच नव्हती. दिवस कलल्यावर ते नायकांपुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “नायक, मले काई समजत नाई. पानी असंनही, नसंनही. खंदा असं माह्यानं सांगवत नाई.”

नायक चिडले. एवढ्या लांबून आणलं आणि हे काय? मामा म्हणाले, “जे खरं ते हेच हाये.” नायकांनी मग जेवायला वाढायला सांगितलं. मामा पोटभर जेवले आणि उजेड होता तोवर घरी यायला निघाले.